मातृभाषेचा रकाना आणि बधिरांची भाषा

१

मातृभाषेची नोंद कशी करावी याविषयी भारतीय जनगणनेत जी व्याख्या दिलेली आहे, तिच्यात सहसा कोणाच्या ध्यानात न येणारे एक लहानसे कलम आहे. बालपणी आई ज्या भाषेत मुलाशी बोलली ती त्याची मातृभाषा, हे मूळ सूत्र. परंतु तान्ही मुले आणि मूकबधिर यांच्या बाबतीत आई सामान्यतः जी भाषा बोलते ती लिहावी, आणि संशय असल्यास घरात मुख्यत्वे चालणारी भाषा लिहावी, असे ते कलम सांगते. २०११ च्या जनगणनेतही हीच व्याख्या होती. तान्ह्या मुलाला भाषा अजून यावयाची असते, तेव्हा त्याच्यासाठी अशी सोय समजण्याजोगी आहे. पण त्याच वाक्यात, त्याच पंक्तीत, पन्नास वर्षांचा बधिर गृहस्थही बसविलेला आहे. त्याला स्वतःची अशी भाषा असू शकेल ही शक्यता त्या व्याख्येने विचारातच घेतलेली नाही.

या कलमाचा अर्थ एखाद्या प्रत्यक्ष गावात जाऊन पाहावा. छत्तीसगडमध्ये रायपूर आणि दुर्ग यांच्या दरम्यान, खारुन नदीच्या काठी कुम्हारी हे गाव आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग दोन्ही त्याला स्पर्श करून जातात. गावाचे नाव कुंभारांची आठवण करून देणारे असले तरी १९५५ च्या भारत-सोव्हिएट करारानंतर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून या साऱ्या पट्ट्याचे भाषिक रूप पालटले. रस्त्यावर छत्तीसगढी, शाळेत व कचेरीत हिंदी, आणि वसाहतींतून तेलुगू, ओडिया, बंगाली, मलयाळम व मराठी. मराठी तर येथे पोलादाच्याही आधीची. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती आणि पुढे १९५६ पर्यंत हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचाच भाग होता.

अशा कुम्हारीत एखाद्या मराठी कुटुंबात जन्मतः बधिर मूल आहे अशी कल्पना करावी. घरातील मराठी त्याच्या कानी पडलेली नाही, गल्लीतील छत्तीसगढी नाही, शाळेतील हिंदीही नाही. प्रगणक दारात येईल तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात तो ‘मराठी’ असे लिहून जाईल. ते मूल पुढे एखाद्या बधिर विद्यालयात गेले, तेथे मोठ्या मुलांच्या हातांतून भारतीय सांकेतिक भाषा शिकले, तिच्यात भांडू लागले, थट्टा करू लागले, स्वप्नेही पाहू लागले, तरी रकाना बदलावयाचा नाही. शासनाच्या दप्तरी ते आजन्म मराठीभाषी राहील. आणि मराठीच्या दृष्टीने आजन्म मुके.

हा प्रदेश भाषेच्या निवडीचे फार मोठे दाखले देणारा आहे, म्हणून ही विसंगती येथे अधिकच बोचते. १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठी घरात वाढले आणि हिंदीचे शिल्पकार ठरले. दासबोध आणि गीतारहस्य यांना त्यांनी हिंदीत नेले. दुर्गच्या शेजारच्या राजनांदगावात १९५८ पासून अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे कवी झाले, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे. एका आईच्या दोन मुलांनी दोन साहित्ये आपली केली, आणि तुलनात्मक साहित्याचे अभ्यासक याचा अभिमानाने उल्लेख करतात. आईच्या भाषेहून वेगळी भाषा आपली म्हणण्याचा हाच अधिकार बधिर व्यक्तीला मात्र प्रगणकाच्या दारातही मिळत नाही.

२

बधिरांच्या शिक्षणाला शासनाने हात द्यावा, ही मागणी आता कोणी नाकारीत नाही. वादाचा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. शासनाचा पैसा कोणत्या भाषेच्या पदरात पडतो, हा तो मुद्दा. अमेरिकेतील आरंभीच्या बधिर विद्यालयांचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे; कारण शासकीय साहाय्य भाषेला कसे जन्म देते आणि तेच साहाय्य पुढे तिचा गळा कसा आवळू शकते, या दोन्ही गोष्टी त्यात एकाच शतकात दिसतात.

कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड गावी मेसन कॉग्सवेल नावाचे एक प्रतिष्ठित वैद्य होते. त्यांची कन्या ॲलिस बधिर होती. तिच्यासारखी मुले राज्यात किती आहेत याची पाहणी १८१२ मध्ये धर्मोपदेशकांकरवी करण्यात आली, तेव्हा ८४ बधिर व्यक्तींची नोंद झाली. १८१५ मध्ये कॉग्सवेल आणि त्यांच्या मित्रांनी थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट या तरुण धर्मोपदेशकाला युरोपात पाठविले. ब्रिटनमध्ये बधिरांच्या शिक्षणाचे तंत्र ब्रेडवुड घराण्याच्या हाती होते. ते घराणे ही विद्या गुपित म्हणून राखी, आणि शिकावयास येणाऱ्यावर बंधने घाली. गॅलॉडेट तेथून पॅरिसकडे वळला. तेथील विद्यालय आबे द लेपे यांनी अठराव्या शतकात सुरू केले होते आणि क्रांतीनंतर, १७९१ मध्ये, राष्ट्राने ते आपल्याकडे घेतले होते. त्याची दारे उघडी होती. खाजगी मालकीची विद्या नकार देते आणि सार्वजनिक विद्या शिष्य स्वीकारते, हा फरक या कथेच्या आरंभीच दिसतो.

पॅरिसहून १८१६ मध्ये गॅलॉडेटने सोबत जो शिक्षक आणला, तो लॉराँ क्लेर स्वतः बधिर होता. त्याच वर्षी कनेक्टिकटच्या विधिमंडळाने नियोजित शाळेसाठी ५,००० डॉलर मंजूर केले आणि १५ एप्रिल १८१७ रोजी शाळा उघडली. १८१८ च्या आरंभी क्लेरने वॉशिंग्टनला जाऊन प्रतिनिधिगृहाला भेट दिली. तेथे सभापती हेन्री क्ले यांनी त्याचे स्वागत केले. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने लिहिलेले भाषण कनेक्टिकटच्या राज्यपालांसमोर आणि विधिमंडळासमोर वाचून दाखविण्यात आले. अनुदान मागावयास बधिर माणूस स्वतः सभागृहात उभा राहिला होता, आणि आपल्या बाजूचा पुरावा म्हणून त्याच्यापाशी त्याची स्वतःची बुद्धी व भाषा होती.

१८१९ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसने या शाळेला अलाबामा प्रदेशातील एक ‘टाउनशिप’, म्हणजे सुमारे २३,००० एकर जमीन, दिली. तिच्या विक्रीतून पुढे सुमारे तीन लाख डॉलरचा निधी उभा राहिला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या २० विद्यार्थ्यांचा खर्च उचलण्याचे ठरविले आणि न्यू इंग्लंडमधील इतर राज्येही त्याच वाटेने गेली. १८२३ मध्ये केंटकी राज्याने डॅनव्हिल येथे स्वतःचे विद्यालय उघडले. राज्याने स्थापन करून चालविलेले बधिरांचे हे तेथील पहिले विद्यालय. १८२६ मध्ये काँग्रेसने त्यालाही फ्लॉरिडा प्रदेशात जमीन दिली. १८५७ मध्ये वॉशिंग्टनला जी संस्था निघाली, तिला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर ८ एप्रिल १८६४ रोजी, यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकन यांनी सही केली. आजचे गॅलॉडेट विद्यापीठ ते हेच.

ही औदार्याची कथा निष्कलंक मात्र नाही. दान दिलेली जमीन कोठून आली, हे विचारल्यावाचून ती सांगता येत नाही. अलाबामाचा फार मोठा भाग १८१४ च्या तहाने क्रीक लोकांकडून घेतलेला होता. एका समाजाची भूमी आणि तिच्यासोबत त्याच्या भाषेचे घर हिरावून दुसऱ्या एका उपेक्षित समाजाला भाषेचे घर देण्यात आले. शिवाय साहाय्याचा ओघ बहुधा वजनदार पित्यांच्या दारातून सुरू झाला. हार्टफर्डला कॉग्सवेल होते, तसे केंटकीतही बधिर कन्येचा पिता विधिमंडळात होता. कुम्हारीतल्या मुलाचा पिता कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणारा असेल, तर त्याच्यासाठी सभागृहात कोण उभे राहावयाचे?

३

या अनुदानांचे सर्वांत मोठे फळ हिशेबाच्या वहीत नोंदले गेलेले नाही. हार्टफर्डला गावोगावची बधिर मुले एकत्र आली. प्रत्येक जण आपापल्या घरच्या खुणा घेऊन आला होता. मॅसॅच्युसेट्सने खर्च उचलल्यामुळे मार्थाज व्हिनयार्ड बेटावरची मुलेही आली. त्या बेटावर वंशपरंपरेने बधिरत्वाचे प्रमाण इतके मोठे होते की ऐकू येणारे गावकरीही खुणांची भाषा सहज वापरीत. या सर्वांच्या खुणांचा क्लेरने आणलेल्या फ्रेंच सांकेतिक भाषेशी संगम झाला आणि त्यातून अमेरिकन सांकेतिक भाषा घडली. म्हणूनच ती ब्रिटनच्या सांकेतिक भाषेपेक्षा फ्रान्सच्या भाषेला जवळची आहे. इंग्रजीशी तिचे जन्माचे नाते नाही. एका अर्थसंकल्पातील तरतुदीने एका भाषेची कूस उजवली, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. भाषा जन्मास यावयाची तर माणसे एकत्र यावी लागतात, आणि विखुरलेल्या बधिरांना एकत्र आणण्याचे सामर्थ्य त्या काळी शासनाच्या पैशातच होते.

परंतु हाच पैसा पुढे उलट दिशेने वाहू लागला. मॅसॅच्युसेट्समध्येच १८६७ मध्ये नॉर्थॅम्प्टन येथे वाचापद्धतीची शाळा निघाली. ओठांवरून शब्द ओळखावा, प्रयत्नाने ध्वनी काढावा आणि हात बांधून ठेवावेत, ही ती पद्धती. सप्टेंबर १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्रचंड बहुमताने खुणांचा त्याग करून वाचापद्धतीचा पुरस्कार केला. त्या परिषदेत बधिर प्रतिनिधी जवळजवळ नव्हतेच. त्यानंतर युरोप-अमेरिकेतील शाळांतून बधिर शिक्षक कमी होत गेले. शाळा तशाच राहिल्या, अनुदाने उलट वाढली, आणि भाषा वर्गाबाहेर, वसतिगृहाच्या अंधारात गेली. १९१३ मध्ये जॉर्ज व्हेडिट्झ या बधिर नेत्याने आपल्या भाषेच्या रक्षणाचे आवाहन त्याच भाषेत, चलच्चित्रपटावर नोंदवून ठेवले. ज्या भाषेला लिपी नाही तिला आपला ग्रंथ सापडला तो असा. या भाषेला स्वतंत्र व्याकरण आहे हे विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये दाखविले तेव्हा मिलानला ऐंशी वर्षे झाली होती, आणि मिलानचे ठराव शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने व्हँकूव्हर येथे अधिकृतपणे नाकारले ते २०१० मध्ये.

४

भारतातील बधिर विद्यालये या इतिहासाच्या कोणत्या टप्प्यावर जन्मली, हे पाहिले म्हणजे आपल्याकडील परिस्थितीचा उलगडा होतो. मुंबईत माझगाव येथे बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने १८८० च्या दशकाच्या मध्यास पहिले विद्यालय निघाले. कलकत्त्याचे विद्यालय १८९३ मधील. त्याचे एक संस्थापक यामिनीनाथ बॅनर्जी हे इंग्लंडमध्ये आणि वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयात प्रशिक्षण घेऊन आले होते. म्हणजे आपल्या शाळांचा आरंभ मिलाननंतरचा. अमेरिकेला आधी क्लेर मिळाला आणि मग मिलान. आपल्याला आरंभीच मिलान मिळाले. हार्टफर्डमध्ये बधिर शिक्षक संस्थापकाच्या बरोबरीने उभा होता. आपल्याकडे तो बहुतेक काळ विद्यार्थ्यांच्या बाकावरच राहिला. शाळांना अनुदान मिळू लागले तेही बहुशः वाचापद्धतीच्या शाळांना. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात आणि इतरत्र स्वयंसेवी संस्थांनी शाळा चालवाव्यात आणि समाजकल्याण खात्याने अनुदान द्यावे, अशी घडी बसली. खात्याचे नावच बोलके आहे. बधिरांचे शिक्षण हा कल्याणाचा विषय ठरला, भाषेचा ठरला नाही.

यामागे अधिक जुना संस्कारही आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर आणि मूक यांना वारसाहक्कातून वगळले आहे. ही अपात्रता दूर करण्यास १९२८ चा अधिनियम यावा लागला. मालमत्तेचा वारसा तेव्हा मिळाला. भाषेचा वारसा मात्र त्या अधिनियमाच्या कक्षेत नव्हता, आणि जनगणनेच्या व्याख्येने त्या बाबतीत जुनीच दृष्टी कायम ठेवली. शासनाने बधिरांची मोजदाद केली नाही असे मात्र म्हणता यावयाचे नाही. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत ‘व्यंगां’च्या तक्त्यात ते आहेत. २०११ मध्ये श्रवणाच्या विकलांगतेखाली पन्नास लाखांहून अधिक माणसांची नोंद आहे. परंतु त्याच जनगणनेत संस्करणानंतर ज्या १२१ भाषा सिद्ध झाल्या, त्यांच्या यादीत सांकेतिक भाषा नाही. व्यंगाच्या तक्त्यात माणूस आहे आणि भाषेच्या तक्त्यात तो नाही, एवढ्यात सारे धोरण सामावले आहे.

ही भाषा अस्तित्वात नव्हती असे नाही. मदन वसिष्ठ या भारतीय वंशाच्या बधिर विद्वानाने जेम्स वुडवर्ड आदी सहकाऱ्यांसह केलेल्या पाहणीतून दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगलोर येथील खुणांचे कोश १९८० च्या दशकात निघाले. कानांना परस्परांपासून दूर वाटणाऱ्या या चार भाषाप्रदेशांत बधिरांच्या खुणांचा फार मोठा वाटा समान असल्याचे त्यातून दिसले. १९८३ मध्ये मुंबईत अली यावर जंग यांच्या नावाने राष्ट्रीय संस्था उभी राहिली. २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत स्थापन झाले आणि २०२१ पर्यंत त्याच्या कोशाने दहा हजार नोंदी गाठल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक, त्यांत दिव्यांग शिक्षकही, नेमण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या भाषेच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख केला. पाऊल पुढे पडले आहे यात शंका नाही. पण क्लेर अमेरिकेत उतरला त्याला तोवर दोनशे वर्षे होऊन गेली होती.

५

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे आपला प्रश्न म्हणून का पाहावे? हे काम विशेष शिक्षणाचे आणि कल्याण खात्याचे आहे, असे सोयीस्कर उत्तर देता येईल. परंतु भाषा कशाला म्हणावे आणि साहित्य कशाला म्हणावे, याचा निवाडा ज्या विद्याशाखेकडे समाज सोपवतो ती हीच. तिने मौन धरले तर प्रगणकाला दोष देण्यात अर्थ नाही.

पहिला आक्षेप असा की सांकेतिक भाषा ही स्वतंत्र भाषा नसून बोलीभाषेचे हातवारे आहेत. मराठीला अशा हातवाऱ्यांचा परिचय आहे. बोटांनी बोलण्याला ‘करपल्लवी’ हा शब्द आपल्यापाशी आहेच. नेत्रपल्लवी तर नाटक-कादंबऱ्यांतून घरोघरी पोहोचली. बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरविण्याची ‘हत्ता’ पद्धतही शेतकऱ्यांना ठाऊक आहे. परंतु ही सारी मूळ भाषेची किंवा आकड्यांची सांकेतिक रूपे होत. भारतीय सांकेतिक भाषेचे तसे नाही. मराठीत ‘तू कुठे जातोस?’ असे विचारताना प्रश्नवाचक शब्द क्रियापदाच्या आधी येतो. त्या भाषेत प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते. चेहऱ्याचा भाव तेथे व्याकरणाचे काम करतो. अवकाशात एका जागी एक व्यक्ती आणि दुसऱ्या जागी दुसरी व्यक्ती कल्पून क्रियापदाची खूण एकीकडून दुसरीकडे नेली म्हणजे कर्ता आणि कर्म स्पष्ट होतात. मराठी विभक्तिप्रत्ययांनी जे करते ते ही भाषा दिशेने करते. अशी रचना मराठीचे हातवारे करून मिळत नाही.

दुसरा आक्षेप लिपीचा. ज्या भाषेत ग्रंथ नाही तिच्या साहित्याचा अभ्यास कसा करावयाचा? हा आक्षेप मराठीच्या अभ्यासकाने तरी घेऊ नये. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या, दुर्गा भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचा संसार उभा केला, तेव्हा जात्यावरच्या अक्षरशून्य बाईला आपण कवयित्री म्हणून स्वीकारले. तिचे शब्द कागदावर नव्हते, कंठात होते. बधिर कवीची रचना हातात आहे. कंठस्थ आणि हस्तस्थ यांत साहित्याच्या दृष्टीने भेद कोणता? आनंदवर्धनाने ‘ध्वनी’ म्हटले ते नादाला नव्हे, व्यंग्यार्थाला. आणि व्यंग्यार्थाला कानाची अट त्याने घातलेली नाही. नाट्यशास्त्राने तर आंगिक अभिनयाला वाचिकाच्या शेजारी बसविले. अर्थात हस्तमुद्रा म्हणजे सांकेतिक भाषा नव्हे; पण हात अर्थ वाहू शकतो हे ज्या परंपरेने सविस्तर मांडले, तिला सांकेतिक भाषेतील काव्याची कल्पना परकी वाटू नये.

आपल्या साहित्यांनी बधिर माणसाला पात्र केले, लेखक केले नाही. रवींद्रनाथांची ‘सुभा’ ही कथा कलकत्त्याच्या विद्यालयाच्या स्थापनेच्याच काळातली. त्या मुक्या मुलीचे दुःख वाचकाला हेलावून सोडते, ते तिच्या वतीने कोणी तरी बोलते म्हणून. अमेरिकेत १९६७ मध्ये संघराज्याच्या निधीवर बधिरांची राष्ट्रीय नाट्यसंस्था उभी राहिली आणि सांकेतिक भाषेतील काव्याला रंगमंच मिळाला. साहाय्य शाळेपुरते न थांबता साहित्यापर्यंत गेले म्हणजे पात्राचा लेखक होतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो आईवडिलांचा आहे. मुलाने बोलावे, आपल्या भाषेत आपल्याला हाक मारावी, ही इच्छा अत्यंत स्वाभाविक आहे. श्रवणयंत्रे सुधारली आहेत, कर्णावर्त रोपणासाठी शासनाची मदतही मिळते, आणि कित्येक मुलांना त्याचा लाभ होतो. मग खुणांचा आग्रह कशाला? येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. बोलणे शिकविण्यास कोणाचाच विरोध असू नये. परंतु वाचेच्या आशेवर भाषेलाच वाट पाहावयास लावणे हा जुगार आहे, आणि त्यात पणाला लागते ते मुलाचे बालपण. कानावाटे भाषा येईल की नाही हे ठरेपर्यंत डोळ्यांवाटे येणारी भाषा रोखून धरली, तर काही मुले दोन्हींना मुकतात. एक भाषा भक्कम असली म्हणजे तिच्या आधारे लिहिलेली मराठी वा हिंदी शिकता येते. एकही नसली तर लिहिलेले अक्षरही चित्रच राहते. आपल्याकडील परीक्षा-मंडळे बधिर विद्यार्थ्यांना भाषाविषयांतून सवलत देतात. हेतू दयेचा आहे. पण ज्याला भाषेची सर्वाधिक गरज त्यालाच भाषेतून सूट देणारी ही दया तपासून पाहावयास हवी.

६

मग करावयाचे काय? अनुदानाच्या अटींपासून आरंभ करता येईल. बधिरांच्या शाळेला पैसा देताना इमारत, पटसंख्या आणि यंत्रे यांची तपासणी होते. त्या शाळेत सांकेतिक भाषा उत्तम जाणणारे किती शिक्षक आहेत आणि त्यांत स्वतः बधिर असलेले किती, हा प्रश्न तपासणीच्या पहिल्या ओळीत यावा. २०१६ च्या अधिनियमाने त्याला आधार दिलेलाच आहे. क्लेरवाचून हार्टफर्ड झाले नसते, एवढा धडा त्या इतिहासातून घेतला तरी पुरे.

साहित्यसंस्थांनाही आपला वाटा उचलावा लागेल. साहित्य अकादमी २४ भाषांना मान्यता देते. त्यांच्याबाहेरील भाषांसाठी तिने १९९६ पासून भाषा सन्मान सुरू केला. छत्तीसगढीसारखी, जनगणनेत एक कोटी साठ लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली, तरीही हिंदीच्या पोटात मोजली जाणारी भाषा या वंचनेचा अर्थ चांगला जाणते. सन्मानाची ही वाट सांकेतिक भाषेतील साहित्यासाठीही उघडावी. भारतीय लोकभाषा सर्वेक्षणाने एक स्वतंत्र खंड सांकेतिक भाषांना दिला. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणात त्यांना जागा नव्हती. विद्यापीठांतील भारतीय भाषांच्या विभागांनी त्या खंडाला ग्रंथालयातून अभ्यासक्रमात आणावे, आणि बधिर विद्यालयांच्या वसतिगृहांतून चालणाऱ्या कथा, विनोद, नकला यांचे चित्रफितींवर संकलन करावे. ओव्यांसाठी जे केले तेच येथे करावयाचे आहे. संकलन करणारे मात्र या वेळी त्या भाषेतलेच असावेत.

तातडीचा प्रश्न मात्र रकान्याचा आहे. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेने पुढील जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ही ठरविली आहे. मूकबधिरांना तान्ह्या मुलांच्या पंक्तीत बसविणारे ते कलम त्या गणनेतून जावे, आणि बधिर व्यक्तीला तिची भाषा तिलाच विचारली जावी, ही मागणी भाषाभ्यासकांनी करावयास हवी. ती मागणी फार लहान आहे. तिला जमीन लागत नाही, निधी लागत नाही. व्याख्येतले एक वाक्य बदलावे लागते. आणि तरीही तिचे परिणाम दूरवर जातील. कारण जी भाषा मोजली जात नाही तिच्यासाठी शिक्षक मागता येत नाही, पाठ्यपुस्तक मागता येत नाही, दुभाषी मागता येत नाही.

कुम्हारीत प्रगणक जेव्हा त्या घरी जाईल तेव्हा नेहमीप्रमाणे आईच उत्तरे देऊ लागेल. त्या क्षणी त्याने मान वळवून मुलाकडे पाहावे, मुलाने हात उचलून काही सांगावे, आणि ते काय आहे हे लिहिण्यासाठी रकान्यात जागा असावी. मराठीचे त्याने काही नुकसान व्हावयाचे नाही. एका घरात दोन मुक्तिबोध मावले. त्याच प्रदेशातील एका घरात मराठी आणि सांकेतिक भाषाही मावतील.